कुलूपबंद गाण्यांच्या परवान्यापायी 19,998 रुपये गेले

2006 ते 2008 या काळात मी न्यू जर्सीतील एडिसन येथे नोकरीला असताना एका ऑनलाइन दुकानातून 212 गाणी विकत घेतली होती. दर गाण्याला 99 सेंट, म्हणजे एकूण 209 डॉलर 88 सेंट. चोरीची गाणी उतरवून घेणे मला कधीच मान्य नव्हते, हे आधीच सांगतो, कारण ‘फुकटचे मिळवायला गेला असाल’ असे आता घरच्यांकडूनही ऐकावे लागत आहे.

त्या डब्ल्यूएमए (मायक्रोसॉफ्टच्या ध्वनिफाइलींचा एक प्रकार) फाइली कुलूपबंद होत्या. फाइल आपल्या डिस्कवर असली तरी ती उघडणारा परवाना दुकानाच्या सर्व्हरवरून येई आणि त्या संगणकाशी बांधलेला असे. दुकाने बंद पडली तसे परवानेही थांबले. याहू म्युझिकने 30 सप्टेंबर 2008 रोजी सर्व्हर बंद करताना ग्राहकांना भरपाई तरी देऊ केली. माझ्या दुकानाचा इशारा देणारा ईमेल मात्र पुण्याला परतण्याच्या गडबडीत माझ्याकडून वाचायचाच राहिला. जुन्या संगणकावर गाणी वाजत होती तोवर ती ऑडिओ सीडीवर उतरवून घेता आली असती, दुकानाची तशी मुभाही होती. ज्यांच्याकडे असा चालू संगणक अजून आहे, त्यांनी हे काम आजच करावे.

फेब्रुवारी 2024 मध्ये त्या संगणकाची डिस्क निकामी झाली. फाइलींची प्रत दुसरीकडे होती, परवान्यांची नव्हती. ‘जुने परवाने पूर्ववत करून मिळतील’ अशी जाहिरात दिसली, तेव्हा मी व्हॉट्सॲपवर संपर्क साधला आणि तपासणीचे 499 रुपये भरले. समोरच्याने नमुना म्हणून एक गाणे ‘उघडून’ पाठवले.

मी सावध व्हायला हवे होते ते इथेच. मी दिलेली फाइल सतारीच्या एका मैफलीची होती, आणि तबल्याच्या पहिल्या थापेआधी श्रोत्यांतले कोणीतरी दोनदा खोकते, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेले आहे. आलेला तुकडा जेमतेम 30 सेकंदांचा होता. राग तोच, वादकही तोच, पण खोकला नव्हता. मी पत्नीला तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, “मग त्यालाच विचारा ना.” विचारले, तर “सर, नॉइज क्लीन केला आहे,” असे उत्तर आले, आणि मी ते मान्य केले. कुठूनही ऐकता येणारा, दुसऱ्याच ध्वनिमुद्रणाचा तुकडा त्याने माझ्या गळ्यात मारला होता. तुमच्या फाइलीतलीच खूण ऐकू आली नाही, तर तिथेच थांबा.

मी 4,999 रुपये भरले. मग ‘परत मिळणारी अनामत’ म्हणून 14,500 मागितले गेले. मी का-कू करताच आवाज बदलला: कुलूप तोडायला लावणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम 65अ खाली गुन्हा आहे, दोन वर्षे कैद होते, तुमचे सगळे मेसेज माझ्याकडे आहेत. माझ्यासारख्या नोकरदार माणसाला पोलिसांचे नाव पुरेसे होते. ते कलम हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यासाठी आहे, हे एका वकील मित्राने पैसे गेल्यावर सांगितले. धमकी आली की आधी वकिलाला फोन करा, पैसे नंतरही भरता येतात.

लाजेपोटी तीन दिवस मी कोणालाच सांगितले नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. माझी वेळ टळून गेली होती, एवढे मान्य. पण त्यानंतर जे झाले त्याला माझा उशीर कारण नव्हता. पोलीस ठाण्यात दोन तास बसवून ठेवल्यावर, “काका, यूट्यूबवर ऐका की गाणी,” असे सांगण्यात आले. तक्रार गाण्यांची नाही, 19,998 रुपयांची आहे, हे मी चार वेळा सांगितले. त्यावर त्यांनी 2006 सालच्या खरेदीच्या पावत्या मागितल्या, जणू फसवणूक त्या दुकानाने केली होती. बँकेने, यूपीआय पिन तुम्हीच टाकलात, म्हणून हा व्यवहार अनधिकृत ठरत नाही, असे एका ओळीत लेखी कळवले. पैसे ज्या खात्यात गेले त्याचा क्रमांक मी दिला होता; ते खाते कोणाचे, हे विचारले तर ती माहिती पोलिसच मागू शकतात, आणि पोलीस म्हणतात बँकेकडून उत्तर आलेले नाही. दोन्ही कार्यालये एकाच रस्त्यावर आहेत आणि माझा अर्ज त्या दोघांच्या मधे पडून आहे.

तिसऱ्या खेपेला मी तो नमुन्याचा तुकडा आणि माझी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. हवालदारांनी मूळ फाइल उघडून पाहिली. परवाना मागणारी खिडकी आली, तेव्हा त्यांनी ती बंद केली आणि पुराव्यात फक्त तुकडा ठेवून घेतला.