कोथरूडमधल्या एका जिमची कपल मेंबरशिप, वर्षभर वापरल्यानंतर

जिमचं नाव लिहीत नाहीये कारण तक्रारी पण आहेत आणि मला वाद नकोय, पण कोथरूड-कर्वेनगरला असल्या ऑफरचे बोर्ड चौकाचौकात लागलेत आणि बरेच जण विचारतात की घ्यावी का, म्हणून सविस्तर लिहिते. एकट्याचे वर्षाचे 14 हजार, दोघांचे मिळून 21. मी आणि माझा बॉयफ्रेंड, दोघंही 26 चे, दोघंही हिंजवडीत दिवसभर खुर्चीला चिकटलेले, मागच्या जूनमधे घेतली.

का घेतली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय रिव्ह्यूला अर्थ नाही. आमचं जमलं त्या पहिल्या वर्षात माझं वजन सहा किलोने वाढलं आणि त्याचं नऊ. भेटायचं म्हणजे खायचं, दुसरं काही सुचायचंच नाही, वैशालीत एसपीडीपी, गुडलकला बन मस्का, शनिवारी बिर्याणी. घरी मी दोन पोळ्यांवर उठणारी मुलगी, त्याच्यासमोर बसले की त्याच्या स्पीडने जेवायला लागायचे आणि पोट भरल्याचं कळायच्या आत ताट दुसऱ्यांदा भरलेलं असायचं. रात्री साडेदहाला "काहीतरी मागवूया का" हा मेसेज यायचा, आणि एकटी असताना मी त्या वेळेला आयुष्यात कधी काही मागवलं नव्हतं.

2007 मधे ख्रिस्ताकिस आणि फाउलर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीतली 12,067 लोकांची 32 वर्षांची माहिती तपासली होती, त्यात नवरा-बायकोतला एक जण लठ्ठ झाला तर दुसरा लठ्ठ होण्याची शक्यता 37 टक्क्यांनी वाढलेली दिसली. आमचं लग्न अजून व्हायचंय पण तो आकडा वाचला तेव्हा मला आमचं एकाच ताटातलं खाणंच डोळ्यासमोर आलं.

आता जिम. जागा स्वच्छ आहे, ट्रेडमिल चार त्यातली एक कायम बंद, लॉकर लहान पण चालतात. पार्किंगची बोंब आहे. म्युझिक जोरात असतं, सांगितलं तर कमी करतात.

ट्रेनरबद्दल मात्र बोलायला हवं. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या बॉयफ्रेंडला रॅककडे (वजनाचा रॉड ठेवायचा स्टँड) नेलं आणि मला अडीच किलोचे डंबेल देऊन "मॅडम तुम्ही टोनिंग करा" म्हणून आरशासमोर उभं केलं. दोन आठवडे मी तेच केलं. मग माझा बॉयफ्रेंडच म्हणाला की तू माझ्याबरोबर स्क्वॉट कर, रिकाम्या रॉडपासून शिकवलं त्याने, प्रत्येक सेटला मागे उभा राहून, हात काखेखाली पण न लावता. नोव्हेंबरमधे मी 40 किलो घेऊन खाली बसले आणि उठले. त्या क्षणी माझे पाय थरथरत होते आणि मागून फक्त "ऊठ ऊठ ऊठ" ऐकू येत होतं, तो दिवस मी विसरणार नाही. कपल मेंबरशिपचे पैसे तिथेच वसूल झाले.

डाएटचा कागद दोघांना एकच छापून दिला, सहा अंड्यांचं पांढरं, ओट्स, ब्राउन ब्रेड. मी शाकाहारी आहे हे फॉर्मवर लिहिलेलं होतं! तो कागद ड्रॉवरमधेच राहिला. आमच्यात बदल झाला तो आईच्या डब्यामुळे, मी मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी जास्तीची न्यायला लागले, तो कोल्हापूरचा, रविवारी मटण सोडणार नाही आणि सोडू पण नये, पण बाकीचे दिवस उसळ आवडीने खातो. माझ्यामुळे तो आठच्या आत जेवायला लागला, त्याच्यामुळे मी चहातली साखर सोडली.

सगळं गोड नव्हतं. एकदा माझ्या घरी जेवताना तो सहज म्हणाला, "तिसरी पोळी?" बास, एवढंच. आई समोर होती. मी ती पोळी खाल्ली नाही आणि रात्री भुकेने बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला. दुसऱ्या दिवशी त्याला स्पष्ट सांगितलं की तू माझ्याबरोबर चाल, धाव, पण माझ्या ताटातलं मोजायचं नाही. त्याने ऐकलं, परत कधी बोलला नाही. जोडीने जाणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्या, खरंच.

दुसरी गोष्ट, ऑक्टोबरमधे त्याच्या ऑफिसात रिलीजची गडबड होती, तीन आठवडे तो आला नाही, आणि मी पण गेले नाही. जिम माझ्या घरापासून सात मिनिटांवर. मला कोणी अडवलं नव्हतं, तो नाही म्हणून पायच निघेना. एक जण ओढतो तसा एक जण बसला की दुसरा पण बसतो. दिवाळीनंतर आम्ही ठरवलं की ज्याला जमेल त्याने जायचंच, दुसऱ्याची वाट बघायची नाही.

आणि नेमकं तिथेच जिमवाल्यांनी घोळ घातला. जानेवारीत त्याला तीन महिने बंगळूरला पाठवलं, म्हटलं त्याची मेंबरशिप फ्रीझ करा. उत्तर मिळालं की कपल पॅकेज आहे, फ्रीझ केलं तर दोघांचं एकत्रच होईल. म्हणजे मी पण तीन महिने घरी बसायचं! मी जात राहिले, त्याचे ते महिने वाया गेले. पैसे भरायच्या आधी फ्रीझचा नियम लेखी मागा, तोंडी "हो मॅडम होईल" वर जाऊ नका.

फरक पडला का, तर हो. जुलैमधे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढायला आम्हाला दोन तास दहा मिनिटं लागली होती, तो एप्रिलमधे परत आल्यावर गेलो तेव्हा एक तास वीस. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, दोघांनी पोटभर खाल्लं.

पाचपैकी साडेतीन देते. या जूनला तिथेच रिन्यू करतोय पण दोन वेगवेगळ्या सिंगल, सात हजार जास्त गेले तरी चालतील. ट्रायलला जाणार असाल तर संध्याकाळी सातला जा, रॅकसाठी किती थांबावं लागतं ते तेव्हाच कळतं.