पीयूचे पैसे घेऊन एनसी लॅकर मारणाऱ्यांपासून सावध राहा

आरमोरी तालुक्यात माझे सुतारकाम आहे. यंदा मे महिन्यात एका गिऱ्हाइकाचे सागवानी जेवणाचे टेबल, खुर्च्या आणि नक्षीचे देवघर तयार झाल्यावर, त्यावर हार्डनरवाले पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे घट्ट करणारे रसायन मिसळून मारायचे टिकाऊ पॉलिश) मारण्याचे काम मी बाहेरगावच्या एका पॉलिशवाल्याला 180 चौरस फुटांसाठी 210 रुपये दराने दिले. आगाऊ 25,000 आणि काम संपताच 12,800, असे 37,800 रुपये त्याने मोजून घेतले. मारले मात्र साधे एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर, म्हणजे हार्डनर न लागणारे, थिनरने विरघळणारे पॉलिश.

पहिल्या दिवशी पीयूचा डबा आणि हार्डनर त्याने माझ्यासमोरच फोडले होते, मग संशय कशाचा घेणार? खटकायला हवे होते ते दुसऱ्या सकाळी. आदल्या संध्याकाळचा उरलेला माल डब्यात तसाच पातळ हिंदकळत होता आणि त्याने तोच गाळून फवारणीच्या गनमध्ये भरला. हार्डनर मिसळलेला माल काही तासांतच घट्ट होऊ लागतो. मेच्या उकाड्यात तो रात्र काढणे शक्यच नव्हते. मी हटकले, तर म्हणाला, "भाऊ, गार जागी ठेवला का चालते." लाकूड मी वासावरून ओळखतो, पण रसायनाचे शिक्षण आम्हाला कोणी दिले?

पुढे गरम चहाच्या कपाने टेबलावर पांढरे वळे उमटले. थिनरचा बोळा कोपऱ्यावर ठेवताच चकाकी चिकट होऊन कापसाला लागली. पूर्ण वाळलेले पीयू असे सुटत नाही. ही परीक्षा आठवडाभराने, टेबलाच्या खालच्या बाजूस करावी आणि शेवटचा हप्ता तोवर हातात ठेवावा. माल दुकानातून स्वतः, पक्क्या बिलावर आणावा.

पोलिसांनी "दिवाणी मामला" म्हणून बोळवण केली. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात तर बाबूंनी कागद न वाचताच सांगितले, की तुम्ही धंदेवाले, ग्राहक नव्हे. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला ग्राहक मानले आहे, हे त्यांना मी सांगायचे! त्यावर "वकील करा" असे उत्तर मिळाले, जणू 37,800 गमावलेल्याकडे वकिलासाठी वेगळी थैली असते. निदान पोच घेतल्याशिवाय तिथून कोणी हलू नये.

एनसीवर थेट पीयू मारले तर खालचा थर फुगून उठतो, म्हणून आता सगळे खरवडावे लागणार असून त्या मजुरीचेच 11,500 रुपये सांगितले आहेत. तेही माझ्याच खिशातून.