मृत्यूबद्दल मुलांशी बोलताना कोणते पुस्तक घ्यावे: चित्रपुस्तक, ‘तोत्तोचान’, ‘श्यामची आई’ की बहिणाबाई?

खानदेशात घरात कोणी वारले की मुलाभोवती माणसांची कमी नसते. कमी असते ती त्याच्याशी नीट बोलणाऱ्याची. दारावर येणाऱ्यांची रीघ, दशक्रिया, गंधमुक्ती आणि पुढे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मृताच्या नावाने भरलेली घागर हे सगळे ते जवळून पाहत असते. घागरीवरचे आंबे आणि खरबूज पाहून एखादा सहा वर्षांचा मुलगा “हे आजोबा खाणार कसे?” असे विचारतो, तेव्हा मोठी माणसे त्याला बहुधा गप्प बसवतात. वास्तविक हा प्रश्न अगदी नेमका आहे, कारण मेलेल्या माणसाला भूक लागते का, हे त्याला खरोखरच कळलेले नसते. अशा वेळी पुस्तकाचा आधार घेऊ पाहणारे पालक, मामा-मावशी आणि शिक्षक यांच्यासमोर मराठीत जे पर्याय सहज येतात, त्यांतला कोणता कोणाला चालेल आणि कोणता तूर्त बाजूला ठेवावा, एवढेच येथे पाहायचे आहे.

त्याआधी एक काम उरकलेले असावे लागते. मृत्यूची बातमी पुस्तकाने द्यायची नसते; ती घरच्या, मुलाच्या विश्वासातल्या माणसानेच साध्या शब्दांत द्यायची असते. आजी वारली, तिचे शरीर आता काम करत नाही, ती परत येणार नाही, इतके सांगणे पुरते. आजी झोपली आहे असे ऐकलेले चार वर्षांचे मूल पुढे स्वतःच झोपायला घाबरू शकते, आणि ती गावाला गेली असे ऐकलेले मूल एसटीची वाट पाहत बसते. मृत्यूची समज साधारणपणे चार गोष्टींची मिळून बनते असे बालमानसशास्त्रात मानतात: मेलेले परत येत नाही, शरीराच्या सर्व क्रिया थांबतात, मरण प्रत्येकाला आहे, आणि त्याला काहीतरी शारीरिक कारण असते. बहुतेक मुलांना यांतले एकेक पाच ते सात वर्षांच्या सुमारास उमगू लागते. आपले मूल यांतल्या कोणत्या गोष्टीपाशी अडले आहे, हे पाहून पुस्तक निवडणे मला केवळ वयावरून निवडण्यापेक्षा अधिक उपयोगाचे वाटते.

सातच्या आतल्या मुलासाठी चित्रपुस्तक बरे. ते दहा मिनिटांत संपते, मुलाला हव्या त्या पानावर पुन्हा पुन्हा जाता येते, आणि न बोलता एखाद्या चित्रावर बोट ठेवता येते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे पुस्तकांचे दुकान नसलेल्या गावातही शोध घेता येतो. निवडताना मात्र शेवटचे पान आधी वाचावे. मेलेल्या कुत्र्याच्या जागी शेवटच्या पानावर नवे पिल्लू आणून सगळ्यांना हसवणारे पुस्तक मी मुलाच्या हाती देणार नाही, कारण गेलेल्याची जागा लगेच भरून निघते, असे ते नकळत शिकवते. पानगळ आणि पालवीच्या रूपकावर बेतलेल्या पुस्तकांचीही हीच अडचण आहे. मोठ्यांना ते रूपक सुंदर वाटते. पण चैत्रात कडुनिंबाला पालवी फुटते हे पाहिलेले मूल, आजीही चैत्रात येईल, असा सरळ हिशेब मांडते.

सातच्या पुढे खरी निवड ‘तोत्तोचान’ आणि ‘श्यामची आई’ यांच्यात होते. दोन्ही पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत सापडण्याजोगी आहेत, दोन्हींत छोटी छोटी प्रकरणे आहेत, आणि दोन्हींतला मृत्यू लेखकाने स्वतः सोसलेला आहे. त्यांचा परिणाम मात्र फार वेगळा होतो.

तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ हे जपानी पुस्तक १९८१ साली आले. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. टोकियोतली एक छोटी मुलगी, तिची तोमोई शाळा आणि तिथले मुख्याध्यापक कोबायाशी यांची ही हकिकत आहे. जत्रेत दिसलेली कोंबडीची पिवळी पिल्ले तोत्तोचानला हवी असतात. ही पिल्ले अशक्त असतात, लवकर मरतील आणि मग तू रडशील, असे आईवडील तिला आधीच सांगतात. ती हट्ट सोडत नाही. पिल्ले घरी येतात, त्यांच्यासाठी ऊब देणारा दिवा लावलेली पेटी तयार होते, आणि चार-पाच दिवसांत दोन्ही पिल्ले मरतात. ती बागेत खड्डा करून त्यांना पुरते. या दोन-तीन पानांत मोठ्यांनी सत्य आधी सांगितले आहे, मुलीला हट्ट करू दिला आहे, आणि शेवटी “बघ, आम्ही म्हटलेच होते” असे कोणीही तिला ऐकवलेले नाही. आपल्याकडच्या आठवडे बाजारातून रंगवलेली पिल्ले आणून ती मेलेली पाहिलेल्या मुलाला याहून जवळचे पान क्वचितच सापडेल. पुढे पोलिओमुळे पायांनी अधू असलेला तिचा मित्र यासुआकीचान मरतो. याच मित्राला तिने मोठ्या खटपटीने आपल्या झाडावर चढवलेले असते, त्यामुळे त्याच्या जाण्याचे वजन वाचणाऱ्या मुलालाही जाणवते. मृत्यू येथे पुस्तकाच्या मध्यभागी येत नाही, तो शाळा, डबा आणि खेळ यांच्यामध्ये येतो. आणि मुलांचे दुःखही असेच असते. अर्धा तास रडलेले मूल लगेच क्रिकेट खेळायला जाते, तेव्हा त्याला काही वाटलेच नाही, असा निष्कर्ष नातेवाइकांनी काढू नये.

‘श्यामची आई’ खानदेशाला घरचे पुस्तक वाटते. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि तिथले छात्रालय सांभाळत होते. पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. एका रात्री एक आठवण, अशी त्याची रचना असल्यामुळे घरात रोज थोडे वाचायला ते ‘तोत्तोचान’पेक्षाही सोयीचे आहे. म्हणूनच आई गेलेल्या मुलाला कोणीतरी हमखास हेच पुस्तक आणून देते, आणि तिथेच मला थांबवावेसे वाटते. परगावी शिकायला असलेल्या श्यामला आईची शेवटची भेट होत नाही. तो पोहोचतो तोवर सारे संपलेले असते, आणि शेवटच्या रात्रींत त्याचा पश्चात्ताप भरून राहिलेला आहे. मुलांच्या मनात अशा प्रसंगी बहुतेकदा एक न बोललेली शंका असते: मी हट्ट केला, उलट बोललो, म्हणून तर आई गेली नाही ना? तुझ्या वागण्याने ती आजारी पडली नव्हती, हे त्याला कोणी तरी स्वच्छ सांगेपर्यंत श्यामचा पश्चात्ताप त्या शंकेला खतपाणीच घालण्याची शक्यता अधिक.

याचा अर्थ पुस्तक टाळावे असा नाही. आजी-आजोबा गेलेल्या, बारा-तेराच्या पुढच्या मुलासाठी, किंवा घरात कोणी गेलेले नसताना सगळ्यांनी मिळून वाचण्यासाठी ते उत्तम आहे. नंदुरबारकडच्या आश्रमशाळेत किंवा धुळ्याच्या वसतिगृहात असताना आईवडिलांपैकी कोणी गेलेले मूल असेल, तर श्याम त्याला सोबतीही देऊ शकतो. पण ते मोठ्या माणसाच्या जोडीने आणि काही महिने गेल्यावर. संक्षिप्त आवृत्त्या पुष्कळ आहेत, तेव्हा घेण्यापूर्वी शेवटच्या रात्री त्यांत आहेत का, हेही पाहून घ्यावे.

पंधरा-सोळाच्या मुलांना गोष्टीत गुंडाळलेला उपदेश लगेच ओळखू येतो. त्यांच्यासाठी मी बहिणाबाई चौधरींची गाणी सुचवतो, आणि ती केवळ आसोद्याची, आपल्या मातीची कवयित्री म्हणून नव्हे. तिशीत वैधव्य आलेली ही बाई आपल्या गाण्यात ज्योतिषाला दारात येऊ देत नाही. तळहातावरच्या रेघा म्हणजे नशीब नव्हे, असे त्याला सुनावते. दारावर आलेल्या प्रत्येकाकडून “त्याच्या नशिबातच तेवढे होते” असे ऐकून मनातून संतापलेल्या मुलीला हे वाचून किती बरे वाटेल, याची कल्पना करता येते. दुसऱ्या एका गाण्यात झाड निघून गेले आणि मागे सावली तेवढी उरली असे ती म्हणते, आणि तरीही पुढे जगायचे ठरवते. गाणी लहान आहेत, लेवा बोलीतली आहेत आणि मोठ्याने म्हणता येतात. ‘तोत्तोचान’ येथे कमी पडते, कारण या वयातला राग तिच्यात नाही.

मूल गमावलेल्या किसा गोतमीला बुद्ध, ज्या घरात कोणी मेलेले नाही तिथून मोहरी आणायला सांगतो आणि तिला असे घर सापडत नाही, ही कथा अनेक घरांत सांगितली जाते. मरण कोणालाच चुकत नाही, हे ती थोडक्यात सांगते. दुःख ताजे असताना मात्र मूल तिच्यातून “सगळ्यांचीच माणसे मरतात, तू रडू नकोस” एवढेच ऐकते. ती मोठ्यांनी आपल्यासाठी ठेवावी.

मृत्यू आत्महत्येने झाला असेल, तर वरील हिशेब बदलतो. कापसाच्या पट्ट्यात ही गोष्ट दूरची नाही. तिथे कोणतेही पुस्तक पहिल्यांदा पुढे करू नये. काय घडले ते वयाला झेपेल इतके, पण खरे सांगावे, आणि आत्मत्यागाला थोर ठरवणारे कथा-कादंबऱ्यांतले प्रसंग कटाक्षाने टाळावेत. मूल महिनोन्महिने शाळा टाळत असेल, किंवा आपल्यालाही मरावेसे वाटते असे बोलत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

पुस्तक हातात देऊन निघून जावे की सोबत वाचावे? दहापर्यंत सोबतच, आणि वाचणाऱ्याने वाचता वाचता अहिराणीत किंवा घरी जी बोली असेल तीत सांगायला हरकत नाही. प्रमाण मराठी अशा प्रसंगी मुलाला शाळेसारखी वाटते. वाचताना वाचणाऱ्याचे डोळे भरून आले, तरी पुस्तक मिटू नये, थोडे थांबून पुढे वाचावे. किशोरवयीन मुलाला सोबत नको असते, त्याने मागितले नाही, तरी पुस्तक घरात दिसेल असे ठेवावे आणि “वाचलेस का?” असे विचारू नये. घरात सात वर्षांची मुलगी आणि चौदा वर्षांचा मुलगा असतील आणि एकच पुस्तक विकत घ्यायचे असेल, तर ‘तोत्तोचान’ घ्यावे, मुलीला पिल्लांचे प्रकरण आधी वाचून दाखवावे, आणि मुलासाठी बहिणाबाईंची गाणी वाचनालयातून आणावीत.