भाव किलोचा, बिल टेपचं: पार्ट लोड सेवेचे आठ महिने

नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी ते हैदराबाद, कागदी कपांची तीस कार्टन, आठवड्याला एक डिस्पॅच, पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच गाडीत. ट्रान्सपोर्टरचं नाव लिहीत नाही, कारण क्रेडिट नोटचा, म्हणजे जादा लावलेलं बिल परत मिळण्याचा, वाद अजून मिटलेला नाही. ॲप, ट्रॅकिंग, बुकिंग सगळ्यांना माहीत आहे. पिकअपची गाडी वेळेवर येते, एवढं त्यांच्या बाजूने लिहून पुढे जातो.

मुद्दा मापाचा आहे. कार्टन ६० × ४० × ४० सेंमी, काट्यावर १४ किलो. करारातलं गणित असं: लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार भागिले २७,०००, गुणिले सीएफटी, म्हणजे एका घनफुटाला किती किलो धरायचे तो आकडा. आमचा सीएफटी १०. म्हणजे १४ किलोचं कार्टन कागदावर ३५.५६ किलो. किलोला ९ रुपयांनी तीस कार्टनचे ९,६०० रुपये. हे मान्य करूनच सही केली होती, त्याबद्दल तक्रार नाही.

बिल आलं ११,३७८ चं. ट्रान्सपोर्टरच्या हबवर, म्हणजे माल गोळा होऊन पुढे जातो तिथे, स्कॅनरने माप घेतलं ६३ × ४३ × ४२. प्रत्येक कार्टन ४२.१४ किलोचं झालं आणि १,७७८ रुपये नुसत्या हवेचे गेले. उंचीतला एक सेंटीमीटर म्हणजे तीस कार्टनवर २४० रुपये, हा आकडा डिस्पॅच टेबलाच्या वर भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे.

पहिले तीन महिने ही सरळ लूट वाटत होती. चौथ्या महिन्यात गाडी भरण्याआधी प्रत्येक कार्टनला मापाची टेप लावायला सुरुवात केली, आणि मत थोडं बदलावं लागलं. स्कॅनर खोटं बोलत नव्हता. तो सगळ्यात बाहेरचा बिंदू धरतो: फुगलेली बाजू, उचकटलेला फ्लॅप, बांधायच्या पट्टीची सुटलेली शेपटी, सगळं मापात येतं. कपांच्या नळ्या उभ्या भरल्या की त्या झाकणाला खालून ढकलतात, वरची उंची दोन सेंटीमीटर वाढते. पावसाळ्यात तीन प्लायचा पुठ्ठा दमट होऊन पोटातून सुटतो. नवतपात, मे अखेरच्या कडक उन्हात, पत्र्याच्या शेडखाली चिकटटेपचा गोंद मऊ पडतो आणि फ्लॅप आपसूक वर येतो. नागपूरच्या हवामानात पुठ्ठ्याला वर्षातून दोनदा मार आहे.

उपाय फार महाग नाही. पाच प्लायचं कार्टन, नळ्या आडव्या, झाकण आणि माल यांत बोटभर जागा, चिकटटेप इंग्रजी एच अक्षरासारखी, दोन पट्ट्या, आणि पट्टीची टोकं कापून टाकायची. शेवटी तिन्ही बाजूंना मापाची टेप लावून फोटो, बिल्टी (ट्रान्सपोर्टरची पावती) नंबर त्याच चौकटीत दिसला पाहिजे. आता स्कॅनर ६१ × ४१ × ४० दाखवतो, म्हणजे ३७ किलो. फोटो असले की वाद मेलवर मिटतो, नसले की कस्टमर केअरची मुलगी "सर, सिस्टममध्ये तसंच दिसतंय" म्हणत राहते.

पण सीएफटी १० वर सही करणं हीच मुळातली चूक. हलका माल असेल तर ६ किंवा ७ मागायचा, भाव दोन पैसे जास्त दिला तरी चालेल. सीएफटी ७ वर तीच तीस कार्टन ६,७२० रुपयांत जातात. सेल्सवाला किलोच्या भावावर घासाघीस करू देतो, कारण खरा पैसा तिथे नसतोच. नागपूरलगतच्या वाडीत, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या भागात, आख्ख्या गाडीचा त्या दिवसाचा भाव विचारून मगच कराराच्या रिन्यूअलला बसा.

दुसरं दुखणं ई-वे बिल, म्हणजे माल गाडीतून नेताना जीएसटीसाठी लागणारा ऑनलाइन परवाना; पार्ट एमध्ये मालाचा तपशील, पार्ट बीमध्ये गाडीचा नंबर. हैदराबाद ५०० किमीच्या आसपास, २०० किमीला एक दिवस धरून वैधता तीन दिवस. शुक्रवारी संध्याकाळी पार्ट बी भरला तर पहिला दिवस शनिवारी मध्यरात्री संपतो, तिसरा सोमवारी मध्यरात्री. रविवारी हबवर माल पडून राहिला की सोमवारी धाकधूक. एकदा संपलंच, आणि ट्रान्सपोर्टरचा माणूस "पार्टीने वाढवायचं" म्हणाला. तसं नाही. माल ज्याच्या ताब्यात, त्या ट्रान्सपोर्टरला वाढवता येतं, संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत. त्यापुढे गाडी अडली तर मालकाला कराच्या दुप्पट दंड भरून माल सोडवावा लागतो.

यातला फायद्याचा नियम फार लोक वापरत नाहीत. राज्यातल्या राज्यात, आपल्या गोदामापासून ट्रान्सपोर्टरच्या जागेपर्यंत ५० किमीच्या आत असेल तर पार्ट बी लागत नाही. हिंगणा ते वाडी त्यात आरामात बसतं. पार्ट एमध्ये ट्रान्सपोर्टर आयडी टाकून सोडा, पार्ट बी त्यांनी हबवरून गाडी निघताना भरावा. घड्याळ तिथून सुरू होतं. पिकअपवाला घाईत टेम्पोचा नंबर भरायला लावतो, भरू नका.

बिलातली एफओव्हीची (फ्रेट ऑन व्हॅल्यू, मालाच्या किमतीवरचा आकार) ओळ विमा समजू नका. बिल्टीवर ओनर्स रिस्कचा (नुकसानीची जोखीम मालकाची) शिक्का असेल तर ती नुसती वसुली आहे. जास्त किंमत लेखी जाहीर केलेली नसेल तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. कार्टन फाटकं किंवा कमी आलं तर पीओडीवर (माल पोचल्याच्या पावतीवर) शिक्का मारण्याआधी पार्टीने शेरा लिहावा, आणि बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी, नाहीतर कोर्टाचा दरवाजाही बंद.

सध्या डिस्पॅच शुक्रवारचा सोमवारवर नेला आहे. रिन्यूअल पुढच्या महिन्यात. सीएफटी ७ दिला तर राहू, नाहीतर दोन आठवड्यांचा माल साठवून वाडीतून आख्खी गाडी.