स्ट्रोकनंतर हातासाठी ब्रेन-कॉम्प्युटर थेरपी: पैसे टाकावेत का? (५ पैकी ३.५ स्टार)

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. हात पहिल्यासारखा होत नाही, पण मूठ उघडायला लागते, आणि घरात स्ट्रोकचा पेशंट असेल तर मूठ उघडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. ह्यांचा उजवा हात गेल्याला आता काही वर्षं झाली, बोटं तळव्यात इतकी आवळलेली असायची की नखं कापणं हे दोघांचं काम, मी एकेक बोट सोडवायचं आणि मुलाने नेलकटर चालवायचं, आणि तळवा रोज पुसला नाही तर घामाचा वास. आता ते स्वतः मनगट टेबलावर टेकवून बोटं सोडतात, पूर्ण नाही, अर्धीच, पण नखं मी एकटी कापते. शर्टाचं बटण अजून लागत नाही, आणि ते लागेल असं मला वाटतही नाही.

आम्ही जर्मनीत राहतो, इथल्याच एका सेंटरमध्ये केली. नाव टाकत नाही कारण थेरपिस्ट बाई खरंच चांगली होती, तक्रार बाकीच्यांबद्दल आहे, खाली लिहिलीये.

प्रकार असा की डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, कोपराखाली हाताला करंटचे पॅड, आणि समोर स्क्रीनवर दोन हात. डावा की उजवा ते मशीन सांगतं, मग त्या हाताचं मनगट वर उचलायचं मनात आणायचं. मेंदूतला तो सिग्नल मशीनला सापडला तरच करंट सुटतो, मनगट वर उठतं, स्क्रीनवरचा हातही उठतो. नाही सापडला तर ढिम्म. ह्यांना सुरुवातीला वाटलं जोर लावायचाय, खांदा कानापर्यंत, दात आवळलेले, बाई खांद्यावर हात ठेवून सारखी सांगायची खांदा नको फक्त मनगट. शेवटी मी म्हटलं अहो, पुण्यात स्कूटरचा अ‍ॅक्सिलरेटर पिळायचात ना, तसं करा. ते मात्र लगेच जमलं :)

मला पहिला प्रश्न हाच पडला होता की मग फिजिओकडचं साधं करंटचं मशीन काय वाईट, तेही मनगट उचलतंच की. याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासात मिळालं. स्ट्रोकला बरेच महिने उलटलेले २७ पेशंट, करंट दोन्ही गटांना, फक्त एका गटाला तो मेंदूच्या सिग्नलवर आणि दुसऱ्याला सिग्नलशी काही संबंध न ठेवता. हाताच्या ६६ मार्कांच्या टेस्टमध्ये पहिला गट सरासरी ६.६ ने वर गेला, दुसरा २.१ ने, आणि फायदा सहा महिने ते वर्षभराने तपासला तेव्हाही टिकलेला होता. म्हणजे आपण पैसे देतो ते करंटचे नाही, इच्छा आणि हालचाल एकाच क्षणी जुळण्याचे. पण मार्क पण बघा, ६६ पैकी ६-७! ऑस्ट्रियाच्या जी-टेक कंपनीचं रिकव्हरिक्स नावाचं मशीन याच जातीचं, त्यांच्या २०२० च्या अभ्यासात ५१ पेशंट, २५ सेशन्स, वाढ सरासरी पावणेपाचच्या आसपास, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. चमत्काराचे व्हिडिओ बघून जाऊ नका एवढंच म्हणणं.

अमेरिकेत असाल तर इप्सिहँड म्हणून घरी वापरायचं मशीन आहे, एफडीएने (तिथली औषधं-उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) एप्रिल २०२१ मध्ये परवानगी दिली, अठरा वर्षांवरचे आणि स्ट्रोकला निदान सहा महिने झालेले पेशंट. त्यात करंट नाही, हाताला मोटरवाला पट्टा असतो. गंमत म्हणजे ते मेंदूच्या न बिघडलेल्या बाजूचा सिग्नल वाचतं. ऑपरेशनमध्ये कवटीला खाच राहिली असेल किंवा बोटं-मनगट फारच आखडलं असेल तर ते चालत नाही, डॉक्टरला आधी विचारा.

आता तक्रारी. डोक्याला जेल लावतात, दर वेळी केस धुवावे लागतात, आणि सेंटरमधलं बेसिन एवढंसं की एका हाताने माणसाने डोकं धुवायचं कसं हे कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. रिसेप्शनवाल्याने फोनवर "हात चालू होईल" असं बिनधास्त सांगितलं होतं, थेरपिस्टने तसं एकदाही म्हटलं नाही, मग तुम्ही फोनवर कशाला म्हणता? इन्शुरन्सने एक पैसा दिला नाही, सगळं खिशातून. आणि मशीन आहे म्हणून घरचा व्यायाम सुटत नाही, मूठ उघडायला लागल्यावर तिला रोज काम द्यावं लागतं, पोळीचा तुकडा मोडताना ताट धरून ठेवणं का होईना.

जाणार असाल तर टॉवेल आणि शाम्पू सोबत न्या, आणि वेळ सकाळचीच मागा. दुपारी जेवून गेलं की ह्यांचा मेंदू झोपायचा आणि स्क्रीनवरचा हात पण.