बेल्ट ग्राइंडरवर पातं घासायचं: जिग लावून की नुसत्या हातानं?

बेल्ट ग्राइंडरवर, म्हणजे फिरत्या खरखरीत पट्ट्यावर, पातं घासायला जिग घ्यावी की सरळ हातानंच शिकावं हे ठरवताना बहुतेक जण एवढंच बघतात की दोन्ही बाजूंची रेघ, म्हणजे धारेकडचा उतार जिथून सुरू होतो ती कड, सारखी कशात येते. ती जिगमध्येच येते, अगदी पहिल्या पात्यापासून, त्यात वादच नाही. मी रबाळ्याला मित्राच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात एक कोपरा घेऊन तीन वर्षं सुऱ्या बनवतोय, पहिलं वर्ष पूर्ण जिगवर गेलं, मग हातावर आलो, आणि आता जिग एकाच कामाला काढतो ते पुढे सांगतो.

जिग म्हणजे पातं एका पट्टीला स्क्रूनं आवळायचं, कोन लावायचा, आणि ती पट्टी बेल्टसमोरच्या रेस्टवर, म्हणजे आधाराच्या फळीवर, टेकवून डावीकडून उजवीकडे सरकवत राहायचं. आता बघा, पातं ३ मिमी जाड, ३० मिमी रुंद, पाठीपर्यंत पूर्ण उतार द्यायचा तर एका बाजूचा कोन ३ अंशांपेक्षाही किंचित कमी येतो. एवढा बारीक कोन नवीन माणसाच्या हातात पहिल्या दिवशी कुठून येणार, जिगमध्ये स्क्रू फिरवला की आला. पण पातं शेवटपर्यंत सरळ नसतं ना, पुढे पोटाला, म्हणजे टोकाकडच्या गोलाईत, धार वर वळते, आणि पाठीपासून ३० मिमीवर शून्याला टेकणारा तोच उतार १५ मिमीवर अजून दीड मिमी जाड असतो. म्हणजे मागे धार तयार आणि टोकाकडे नुसतं लोखंड. तिथे पातं वळवत मूठ हळूहळू उचलावी लागते, साध्या जिगला हे नीट जमत नाही, हाताला जमतं.

तरी माझ्यासाठी खरा फरक रेघेचा नाही, उष्णतेचा आहे, आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. पात्याला पाणी चढवल्यावर, म्हणजे हार्डनिंग झाल्यावर, आपण २०० अंशांच्या आसपास टेम्पर करतो, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवतो. नंतर घासताना पातं त्याच्या वर गेलं की कडकपणा उतरायला लागतो, पिवळसर छटा दिसली म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास पोचलात, निळी दिसली म्हणजे ३०० च्या जवळ, आणि पातळ धारेला तिथे पोचायला एखादा सेकंद पुरतो. उघड्या बोटांना ५०-६० अंशांनाच चटका बसतो, म्हणून हातानं घासणारा आपोआप पातं बादलीत बुडवतो. जिगमध्ये बोटं पट्टीवर असतात, पात्यावर नाही, काहीच कळत नाही. दिवाळे कोळीवाड्यातल्या एका मावशींसाठी सुरमई कापायची सुरी केली होती, जिगवर, टोकाला बोटभर निळं झालं, मी ते पॉलिश करून काढलं आणि दिली. रंग जातो, पण नरम झालेलं पोलाद नरमच राहतं. चार दिवसांत त्यांनी परत आणली, म्हणाल्या टोक नुसतं घासतंय, कापत नाही. मला फार वाईट वाटलं, नवीन करून दिली, आणि तेव्हापासून पाणी चढवल्यानंतरचं घासणं फक्त हातानं. हातमोजे मात्र घालू नका, कापड बेल्ट आणि रेस्टच्या फटीत ओढलं जातं आणि हात त्याच्यामागे जातो. आणि हातानं करतानाही टोकाला जपा, बोट मागे असतं आणि टोक आधी तापतं.

हातानं शिकायला वेळ लागतो हे खरंय. कोपरं पोटाला चिकटवायची, मनगट गच्च, आणि सरकायचं कमरेपासून, एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेत. हात हलवून घासलं की कोन हललाच. आधी पात्याच्या जाडीचाच ड्रिल बिट सपाट फरशीवर आडवा ठेवून त्याच्या टोकानं धारेच्या कडेवर मधोमध रेघ ओढून घ्या, मग जुन्या बेल्टवर ४५ अंशांत त्या रेघेपर्यंत कड मोडा (नवीन बेल्ट थेट चौकोनी कडेवर लावला तर त्याची धार तिथेच जाते), आणि तिथून उतार हळूहळू पाठीकडे चढवत न्या. उतार वर न्यायचा तर अंगठ्याचा दाब पाठीच्या बाजूला, धार पातळ करायची तर धारेच्या बाजूला, एवढं एक कळलं की अर्धं काम झालं. उजव्या हाताच्या माणसाची एक बाजू बरेच दिवस वाकडी येते, ती येऊ द्या. सराव एमएस फ्लॅटच्या, म्हणजे साध्या मऊ लोखंडी पट्टीच्या, तुकड्यांवर करा, आमच्याकडे गाळ्यात ते भंगारात पडलेले असतात, मी पंचवीसेक घासले तेव्हा कुठे ईएन ३१ ला, म्हणजे सुरीच्या खऱ्या पोलादाला, हात लावला.

म्हणून पैसे जिगवर घालण्याआधी व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोलरवर, घाला, माझं स्पष्ट मत. २८०० आरपीएमची मोटर आणि बेल्ट फिरवणारं ४ इंची ड्राइव्ह व्हील असेल तर बेल्ट मिनिटाला २९०० फुटांच्या पुढे पळतो, त्या स्पीडला चूक सुधारायला वेळच मिळत नाही. व्हीएफडीनं नेहमीच्या ५० वरून २० हर्ट्झवर आणलं की साधारण ११७० फूट, तिथे हात शिकतो.

आता जिग कधी घ्यावी. एकसारख्या दहा सुऱ्यांची ऑर्डर असेल, किंवा स्कँडी उतार हवा असेल, म्हणजे लाकूडकामाच्या सुरीसारखा रुंद सपाट उतार जो थेट धारेपर्यंत जातो, तर जिगच. मी तिला याच स्कँडीसाठी काढतो, तेही पाणी चढवण्याआधी.

आणि ठाण्यात, ऐरोलीत फ्लॅटमध्ये राहत असाल, गाळा नसेल, तर ग्राइंडर बाल्कनीत लावायचा विचार सोडा. आवाज, ठिणग्या आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बारीक धूळ, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. अशांनी सरळ कानस घ्यावी आणि कानशीला दांडा बांधून कोन धरणारी जिग बनवावी, ग्राइंडरवर जिगचं जे नुकसान सांगितलं ते इथे नाही कारण कानशीनं पातं तेवढं तापतच नाही. मात्र कानस पाणी चढवण्याआधीच चालते, नंतर ती पात्यावरून नुसती घसरते. मला एक पातं असं करायला दोन रविवार लागले होते, आणि ती सुरी आईकडे अजून रोज वापरात आहे, फक्त पावसाळ्यात तिला खोबरेल तेलाचा हात लावावा लागतो.