निवृत्तीनंतर घानात सेवा: चर्चचं सीनियर मिशन की पीस कोअर?

मुलं मार्गी लागली, हातीपायी धड आहोत तोवर कुणाच्या तरी उपयोगी पडावं, असं ठरवलेल्या अमेरिकेतल्या साठीपुढच्या जोडप्याला घानाकडे जाणारे दोन रस्ते आहेत. एक, चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचं (मॉर्मन चर्चचं) सीनियर मिशन, म्हणजे ज्येष्ठ सदस्यांनी बिनपगारी करायची सेवा. त्याला चर्चचं सदस्यत्व लागतं. दुसरा, परदेशांत स्वयंसेवक पाठवणारं अमेरिकन सरकारचं पीस कोअर, त्याला अमेरिकेचं नागरिकत्व. दोन्हींत बसणारी मराठी घरं थोडीच. पण दुसऱ्या संस्थेतर्फे जाणाऱ्यांपुढेही शेवटी हाच प्रश्न येतो: शहरात राहून संस्थेचं काम करायचं, की लोकांच्या शेजारात राहून त्यांच्याबरोबर?

या चर्चचं पश्चिम आफ्रिकेचं कार्यालय घानाच्या राजधानीत, अक्रात आहे, २००४ पासून मंदिरही. ज्येष्ठ जोडप्यांना कार्यालयीन काम, मंदिरातली सेवा, ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांना मदत, पाणी-आरोग्याच्या प्रकल्पांवर देखरेख अशी कामं मिळतात. तरुण मिशनरींची घरं तपासणं आणि कुणी आजारी पडलं की धावून जाणं हेही त्यातच आलं. दारोदार धर्मप्रचाराची सक्ती ज्येष्ठांवर नसते. मुदत ६ ते २३ महिने. पसंती कळवता येते, पण कुठे जायचं ते चर्च ठरवतं, आणि खर्च आपल्या खिशातून.

पीस कोअरची अगदी पहिली तुकडी ऑगस्ट १९६१ मध्ये अक्रातच उतरली. वयाला वरची मर्यादा नाही: जिमी कार्टर यांच्या आई लिलियन १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, याच योजनेतून आपल्या विक्रोळीत परिचारिका म्हणून आल्या होत्या. राहण्याखाण्याचा भत्ता, औषधपाणी, विमानप्रवास सगळं सरकारकडून. मुदत मात्र २७ महिने. त्यातले पहिले तीन प्रशिक्षणाचे, स्थानिक कुटुंबात राहून. पुढची नेमणूक सहसा राजधानीबाहेर, लहान गावात. वैद्यकीय तपासणी कडक. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर कागदपत्रांना वेळ लागतो, हे गृहीत धरूनच अर्ज करा. दोघांनी जायचं तर दोघांनीही पात्र ठरायला हवं. अनुभवी माणसांसाठी काही महिन्यांची वेगळी योजनाही आहे.

माझा कल सांगते. घानात वयाला मान आहे. पिकल्या केसांचं माणूस दिसलं की मुलं आपणहून पिशवी उचलतात, अनोळखीही 'आंटी', 'अंकल' म्हणतात. हा मान शेजारात राहणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतो, कारण तिथे सकाळची विचारपूस चुकवून पुढे जाणं उद्धटपणा समजतात आणि त्या विचारपुशीतूनच ओळखी होतात. म्हणून एकट्या निवृत्त शिक्षिकेला किंवा नर्सला मी निःसंकोच पीस कोअर सुचवेन. श्रद्धा एक असलेल्या आणि एकमेकांना सोडून राहायचं नसलेल्या जोडप्याला मिशन. पुण्यात नव्वदीतली आई असेल तरीही मिशनच, कारण तिच्यासाठी २७ महिने फार होतात.

मिशनवर गेलात तर एक करा: गाडी मिळाली तरी अधूनमधून ट्रोट्रोने, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसने जा. दारात लोंबकळणारा मेट (कंडक्टर) 'सर्क, सर्क, सर्क' ओरडत अक्रातल्या न्क्रूमा सर्कल चौकाकडे जाणारी माणसं गोळा करत असतो, मांडीवर कुणाची तरी टोपली येते, सुटे पैसे हातोहात पुढे सरकतात. खाली उतरून पानात बांधलेलं 'वाचे' (waakye) घ्या. भात आणि चवळी, आपल्या पोटाला सहज मानवणारं. वातानुकूलित कार्यालय आणि फ्लॅट यांतच महिने गेले तर ज्यांच्यासाठी आलो त्यांची नावंही कळायची नाहीत.

रस्ता कुठलाही असो, पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं आधी बघा. घानात तिचा दाखला लागतोच. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम, दुर्मीळ असले तरी, जास्त आढळतात. तेव्हा अर्जाच्या आधी डॉक्टरांशी बोला आणि लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या. घानाहून थेट मुंबईला उतरणार असाल तर दाखला हातातल्या पिशवीत ठेवा. नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं.